ऐकणाऱ्यांचे टेबल

देव सोडायला किती वेळ लागतो, हे यशोदाबाईंना नेमके ठाऊक होते. एक सकाळ लागते. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी, निवृत्तीने, देवळ्याजवळच्या त्यांच्या गावी घरातले देवांचे सगळे टाक एका टोपलीत भरले, वर फडके टाकले आणि टोपली गिरणेच्या पात्रात नेऊन उलटी केली. ते परत येईपर्यंत वाण्याने मीठ बंद केले होते आणि पाटलाने काम. ते वर्ष घराने कण्यांवर काढले. वडिलांनी या प्रकारावर निबंध लिहिला नाही, की चार जणांना गोल बसवून 'मला आज आतून काय वाटले' हे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवल्यावर ते उठले आणि शेजारच्या गावी काम शोधायला गेले.

म्हणून जवळजवळ सत्तर वर्षांनी त्यांची नात सृष्टी जेवताना हात थांबवून म्हणाली, "आजी, तुला एक सांगायचंय. मी आता कुठलाच धर्म मानत नाही. मी फक्त मानवतावादी आहे," तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, "बरं. चटणी सरकव."

सृष्टीची फार निराशा झाली. वादळ उठेल, आजी संतापेल, आपण शांतपणे उत्तरे देऊ, अशी तिची तयारी होती. उत्तरे तिने आठवडाभर पाठ केली होती. ती तशीच वाया गेली.

यशोदाबाई एकतीस वर्षे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर नवऱ्याबरोबर त्यांनी नाशिकला गंगापूर रोडच्या आत एका गल्लीत मुलींचे वसतिगृह काढले. नवरा गेला, वसतिगृह राहिले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण अशा तालुक्यांतल्या बेचाळीस मुली तिथे राहून शिकत. सृष्टीचे आईवडील ओझरला विमानांच्या कारखान्याच्या वसाहतीत होते. पोरगी कॉलेजसाठी आजीकडे वरच्या मजल्यावर. रोज संध्याकाळी सात वाजता खालच्या हॉलमध्ये बुद्धवंदना होई. म्हणायची सक्ती कुणावर नव्हती; बसायची होती. सृष्टी बसे, पण ओठ मिटून.

"मी कुणाला शरण जाऊ शकत नाही, आजी," तिने कारण सांगितले होते.

"शरण जायला आधी ताठ बसता यावं लागतं," यशोदाबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्या पाठीला बाक आलाय. तो काढ, मग बघू."

एकटी सृष्टी असती तर यशोदाबाईंनी काणाडोळा केला असता. पण कॉलेजात अशी चौदा मुले निघाली आणि त्यांनी 'मानव्य मंडळ' काढले. देव नाही यावर चौदांचेही एकमत होते. पण देव गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेचे काय करायचे, या प्रश्नाने त्यांना झोप येईना. मग ती दर रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमून दहा मिनिटे गप्प बसू लागली. उदबत्ती धार्मिक म्हणून वर्ज्य. त्याऐवजी सेलवर चालणारी मेणबत्ती. घंटा वर्ज्य, त्याऐवजी मोबाइलमधली घंटा. शेवटी एकेकाने आपण कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचे. कुणाबद्दल, हे मात्र सांगायचे नाही, कारण तिथे वांधा होता.

या मंडळाचा म्होरक्या प्रफुल्ल. देवळ्याचाच, बाप कांद्याचा व्यापारी, कांदा साठवायची चार खळी. नाकाने कांदे सोलणे हा वाक्प्रचार यशोदाबाईंनी आयुष्यभर मुलांना वाक्यात उपयोग करायला दिला होता. तो चालताबोलता त्यांना प्रथमच दिसला. प्रफुल्लची आई दर परीक्षेआधी त्याच्या नावाने सत्यनारायण घाली. तो पूजेला बसत नसे. प्रसादाचा शिरा मात्र डब्यातून नाशिकला येई आणि मंडळात वाटला जाई. देव नव्हता, पण शिरा होता.

हिवाळ्यात मंडळाला नवे खूळ लागले. विलायतेतल्या कॉलेजांत म्हणे देव न मानणाऱ्या मुलांसाठीही एक माणूस नेमलेला असतो. पाद्री नाही, पण पाद्र्यासारखा धीर देणारा. आपल्याकडेही तसे हवे. माणूस नेमायला कॉलेज तयार होईना, तेव्हा मुलांनी स्वतःलाच नेमले. सृष्टीने आजीकडे ओटा मागितला, आजीने दिला, आणि दर बुधवारी चार ते सहा वसतिगृहाच्या ओट्यावर एक टेबल व दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. टेबलावर पाटी: 'आम्ही ऐकतो'.

नियम बारा होते. सल्ला द्यायचा नाही. निवाडा करायचा नाही. समोरच्याला हात लावायचा नाही. आणि ऐकलेले कुणालाही, कशाहीसाठी, सांगायचे नाही. हा शेवटचा नियम लाल अक्षरांत होता.

मार्चमधल्या एका बुधवारी यशोदाबाई पदर सावरून ओट्यावर आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"या आजी," प्रफुल्ल म्हणाला.

"मी तुझी आजी नव्हे. बाई म्हण."

"बाई, इथं तुम्ही काहीही बोलू शकता. आम्ही फक्त ऐकतो."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं." त्याने टेबलावरचे वाळूचे घड्याळ उलटे केले. ते त्याने ऑनलाइन मागवले होते.

"माझ्या आजोबांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला. आत जायला मिळावं म्हणून. माझ्या वडिलांनी देवच नदीत टाकले. या दोन माणसांची गोष्ट सांगायला मला पाऊण तास लागतो. आजोबांना पहिला दगड लागायच्या आतच तुझी वाळू संपली, तर काय करायचं?"

प्रफुल्लने मान हलवली. मान हलवणे नियमात बसत होते.

"मान का हलवतोस? पटलं, की नाही पटलं?"

"मी तुमच्या भावनेची दखल घेतोय, बाई."

"दखल ग्रामपंचायत घेते."

जिन्यावर बसलेल्या मुली फिस्सकन हसल्या. सृष्टी शेजारी उभी होती; तिने कपाळाला हात लावला. प्रफुल्लचे कान लाल झाले, पण तो डगमगला नाही. "बाई, आमचा एक अर्जही आहे. रविवारी सकाळी आम्हाला खालचा वंदनेचा हॉल मिळाला तर बरं होईल. गच्चीवर ऊन लागतं."

"ऊन लागतं," यशोदाबाईंनी ते शब्द चव घेऊन पाहावेत तसे उच्चारले. मग उठल्या. "उरलेली वाळू एखाद्या गरजूला द्या."

त्या संध्याकाळी वंदनेला तिसऱ्या ओळीतली खिडकीजवळची जागा रिकामी होती.

ती मीनाची जागा. मीना पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. बाप काळू, आई भिमाबाई. घरचा भात आणि नागली संपली की दरवर्षी टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला उतरणारी माणसे. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. शनिवारी सकाळी दहाला तिची प्रयोगपरीक्षा होती. ती चुकली की वर्ष गेले. आणि वर्ष गेलेल्या मुलीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला द्यायची, हा वसतिगृहाचा नियम होता. तो नियम यशोदाबाईंनीच केला होता आणि वीस वर्षांत कुणासाठीही वाकवला नव्हता. जागा गेली की मीनासारखी मुलगी नाशकात राहत नाही, आणि एकदा पाड्यावर गेली की तिचे लग्न होते. हेही त्यांना ठाऊक होते.

देखरेखीच्या बाईंनी चिठ्ठी आणून दिली. सकाळीच ठेवलेली. 'घरी जाते. सोमवारी येते. मीना.'

सोमवार शनिवारनंतर येतो. हे न कळण्याइतकी मीना मूर्ख नव्हती. फोन लावला, तर बंद.

यशोदाबाईंनी समोर पाहिले. सगळ्या मुलींचे डोळे मिटलेले होते. सृष्टीचे जरा जास्तच घट्ट मिटलेले होते. एकतीस वर्षे शाळा सांभाळलेल्या बाईला तेवढे पुरले.

वंदना संपल्यावर त्यांनी नातीला दारातच अडवले. "मीना कुठं आहे?"

"मला सांगता येणार नाही, आजी."

"म्हणजे ठाऊक आहे."

"ती टेबलाशी बोललीये. गोपनीयता असते."

"किती वेळा बोललीये?"

"तीन बुधवार."

"उद्या सकाळी आठ वाजता," यशोदाबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या कांद्याच्या खळ्याला माझ्या खोलीत हजर कर."

यशोदाबाईंच्या खोलीत खुर्ची एकच होती, त्यांची. येणाऱ्याने उभे राहायचे, कामाचे बोलायचे आणि जायचे. यामुळे वेळ वाचतो, हा शाळेतला धडा. प्रफुल्ल उभा राहिला, शेजारी सृष्टी.

"बोला."

"बाई, तिनं आमच्यावर विश्वास टाकलाय. काय करायचं हा तिचा निर्णय आहे. आम्ही तिच्या स्वायत्ततेचा आदर करतो."

"कुणी बुडत असलं की तुम्ही काठावर बसून त्याच्या स्वायत्ततेचा आदर करता?"

"तसं नाही..."

"बोलताना रडली का ती?"

"हो," सृष्टी म्हणाली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"आम्ही तिच्या दुःखाला जागा दिली," प्रफुल्ल म्हणाला.

"दुःखाला जागा द्यावी लागत नाही, ते कुठंही मावतं. जागा पोरीला लागते. तिची ती जागा शनिवारी दहा वाजता जाणार आहे. तुझ्या तत्त्वाचं आयुष्यही तेवढंच धर. पुढं बोल."

प्रफुल्लने ओठ आवळले. लाल अक्षरांतला नियम त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. आपण हुतात्मा होत आहोत, असे त्याला वाटत असावे. त्या वयात उभे राहून शिव्या खाणेही हौतात्म्य वाटते.

"मोहाडीच्या पुढं बाग आहे," सृष्टी एकदम म्हणाली.

"सृष्टी! नियम—"

"प्रफुल्ल, तू गप." तिचा आवाज आजीसारखा लागला, आणि ते दोघींच्याही लक्षात आले. "तिची मोठी बहीण तिथंच बाळंत झाली, आजी. बागेतल्या शेडमध्ये. आई तिच्यापाशी बसली, म्हणून बापाची जोडी फुटली. त्यांच्या टोळीत जोडीनंच काम असतं, एकानं घड काढायचा, दुसऱ्यानं साफ करून क्रेटमध्ये लावायचा. एकट्या माणसाला मुकादम ठेवत नाही. म्हणून ही गेली. काल निघताना मला सांगून गेली."

"आणि असं होणार, हे तुम्हाला तीन आठवडे ठाऊक होतं."

"पहिल्या बुधवारी ती म्हणाली, बहिणीचे दिवस भरत आलेत. दुसऱ्या बुधवारी म्हणाली, बहुतेक जावं लागेल. तिसऱ्या बुधवारी म्हणाली, पुढच्या बुधवारी मी इथं नसेन."

"मग?"

सृष्टीने मान खाली घातली. "आम्ही तिचे आभार मानले. मनमोकळं बोलल्याबद्दल."

आयुष्यात यशोदाबाईंनी नाना प्रकारचे निकामी लोक पाहिले होते. न ऐकणारे तर पायलीचे पन्नास. पण इतके मन लावून ऐकून इतके स्वस्थ बसणारे त्यांनी पाहिले नव्हते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात ही म्हण यांच्यापुढे फिकी होती. इथे तर बोलणाऱ्याच्या ताटात नुसता कानच वाढला होता.

"गाडी काढ," त्या सृष्टीला म्हणाल्या. "आणि तू, मागं बस."

"मी? बाई, माझं लेक्चर—"

"मागं."

गाडी दिंडोरी रोडला लागली. मोहाडी सोडल्यावर दोन्ही बाजूंना मांडवच मांडव लागले. चौथ्या बागेपाशी सृष्टीने गाडी थांबवली. मांडवाखाली हिरवट उजेड होता आणि वीस-बावीस माणसे माना वर करून घड काढत होती. एका खांबाला लुगड्याची झोळी बांधलेली. आत चार दिवसांचे मूल. शेजारी मीनाची बहीण आणि भिमाबाई. भिमाबाईने बाईंना पाहिले, घाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि घाबरून काळूला हाक मारली.

मीना ओळीच्या शेवटी होती. हातात कात्री, डोक्याला फडके. बाईंना पाहताच ती उभी राहिली. म्हणजे उभी होतीच, ताठ झाली.

"मीना, गाडीत बस. परवा परीक्षा आहे."

"नाय बाई."

यशोदाबाईंना क्षणभर वाटले की आपल्याला नीट ऐकू आले नाही. बेचाळीस मुलींपैकी कुणी आजवर हे दोन शब्द एकत्र उच्चारले नव्हते.

"मी गेले तर मुकादम बापाला काढंल. मधीच काढलेल्याला दुसरी टोळी घेत नाय. बहीण ओली बाळंतीण हाय, ती कुठं जाईल?"

"मग हे तू मला का सांगितलं नाहीस? या दीडशहाण्यांना सांगितलंस!"

मीनाने कात्री या हातातून त्या हातात घेतली. खाली पाहिले. मग म्हणाली, "तुमच्या खोलीत खुर्ची नाय ना, बाई."

"काय?"

"एकच हाय. तुमची. उभ्यानं सांगायचं म्हणजे थोडक्यात सांगावं लागतं. हे थोडक्यात सांगता येत नव्हतं. दोन येळा आले दारापर्यंत. तुम्ही म्हणालात, बोल लवकर. मी म्हणले, काय नाय, आणि गेले. यांच्याकडं खुर्ची होती."

"आणि यांनी काय केलं?"

"ऐकलं."

"पुढं?"

"ऐकलं ना, बाई," मीना म्हणाली. बाईंना हे का कळत नाही, असे तिच्या आवाजात होते. "आमचं एवढं कुणी ऐकत नाय."

यशोदाबाईंना वाळूचे घड्याळ आठवले. वीस मिनिटे कमी पडतात म्हणून आपण काल त्या पोराची भरल्या ओट्यावर रेवडी उडवली. आपल्या खोलीत तर एका मिनिटाचीही वाळू नाही. हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही. न आवडलेल्या विचारावर त्यांच्याकडे एकच उपाय होता, आणि तो म्हणजे हुकूम.

"मुकादम कोण आहे इथं?"

"मी, लखन." क्रेट मोजत असलेला एक आडव्या बांध्याचा माणूस पुढे आला.

"तुम्हाला जोडी हवी. काळूभाऊंबरोबर आज, उद्या आणि परवा ही दोघं काम करतील. मीना माझ्याबरोबर येईल. परवा दुपारी परीक्षा संपली की तिला इथं आणून सोडते; रविवारपर्यंत ती बापाबरोबर राहील, सोमवारी परत येईल. तोवर भिमाबाई मोकळ्या होतील."

लखनने सृष्टी आणि प्रफुल्लकडे पाहिले. बाजारसमितीत पावसात भिजलेल्या कांद्याकडे पाहतात तसे पाहिले. "ही दोन? यांचं मिळून एक माणूस व्हईल का?"

"एकच हवंय. जोडीतलं."

"बाई," प्रफुल्ल कळवळून म्हणाला, "परवा माझं सेमिनारमध्ये भाषण आहे."

"विषय?"

तो घुटमळला. "सहवेदना."

लखनलाही हसू आवरले नाही. काळू मात्र हसला नाही. तो पुढे आला, फडक्याने हात पुसले, आणि म्हणाला, "बाई, पोरीला न्या तुम्ही. ह्या लेकरांना मी सांभाळतो. शिकतील." जणू यशोदाबाईच आपली दोन कच्ची मुले त्याच्याकडे ठेवून चालल्या होत्या.

मीनाने कात्री सृष्टीच्या हातात दिली. गाडी नाशिकला न्यायला आणि शनिवारी परत आणायला लखनचा एक भाऊ निघाला. यशोदाबाई बसत होत्या, तोच मांडवाखालून ओरडा ऐकू आला. प्रफुल्लने पहिला घड दोन्ही तळहातांत घेतला होता, जखमी पाखरू उचलावे तसा.

"ओ साहेब! देठाला धरा! घडाला हात लावायचा नाय, वरची पावडर पुसली की माल परदेशी जात नाय!"

"हात लावायचा नाही, हा नियम तर तुला पाठ आहे ना रे," सृष्टी म्हणाली.

शुक्रवारी मीनाने दिवसभर अभ्यास केला. शनिवारी साडेनऊला यशोदाबाईंनी तिला स्वतः प्रयोगशाळेच्या दारापर्यंत सोडले आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. शिपाई म्हणाला, आजी, आत पंख्याखाली बसा. त्या म्हणाल्या, मी तुमची आजी नव्हे. दीड वाजता मीना बाहेर आली. बोटांना डाग पडले होते.

"पहिलं रीडिंग चुकलं, बाई. घाईत थेंब जास्त पडले, रंग गडद गुलाबी झाला. मंग दुसरं, तिसरं सारखं आलं."

"घाई कशाची होती?"

"सवय," मीना म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

तिला बागेत सोडून यशोदाबाई आपल्या दोघांना घेऊन आल्या. गाडी लखनच्या भावाने चालवली; दोघेही मागे बसले आणि झोपले. प्रफुल्लची मान उन्हाने भाजली होती, उजव्या अंगठ्याला फोड. सेमिनारला त्याच्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी सहवेदनेवर भाषण केले, आणि ते म्हणे फार छान झाले.

रविवारी सकाळी तो आणि सृष्टी खोलीत येऊन उभे राहिले. खोलीत यशोदाबाईंच्या टेबलासमोर एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती.

"बाई," प्रफुल्ल म्हणाला, "ती आमची खुर्ची आहे. ओट्यावरची."

"जप्त केली आहे."

"आणि बुधवारी आम्ही काय करायचं?"

"उभ्यानं काम करायला शिकलात ना? उभे राहा. बोलणारा बसेल. त्याला एक खुर्ची पुरते."

प्रफुल्लने सृष्टीकडे पाहिले. मग त्याने खिशातून एक कागद काढला. लाल अक्षरांतल्या नियमाखाली पेनने एक ओळ लिहिलेली होती: 'सांगायचे असल्यास आधी बोलणाऱ्याला विचारायचे. मग उठायचे.' "यावर काल रात्री फार वाद झाला," तो म्हणाला. "मी अजून म्हणतो, सृष्टीनं मीनाला न विचारता सांगायला नको होतं. विचारून सांगायला हवं होतं. पहिल्याच बुधवारी विचारायला हवं होतं. ते आमचं चुकलं."

हे पोरगे नेमके बरोबर बोलले होते. यशोदाबाईंनी ते त्याला सांगितले नाही, पोरे बिघडतात. "हॉल मिळेल," त्या म्हणाल्या. "रविवारी आठ ते नऊ. आधी झाडून काढायचा, सतरंज्या उन्हात टाकायच्या, मग काय गप्प बसायचं ते बसा. बुद्धमूर्तीवर कापड टाकायचं नाही. तो कुणाला बळेच शरण या म्हणत नाही."

"आम्ही टाकणारच नव्हतो," सृष्टी म्हणाली.

"तुमचा भरवसा नाही. सेलची मेणबत्ती लावणारी माणसं तुम्ही."

सोमवारी सायंकाळी मीना आली. बहीण हिंडूफिरू लागली होती, भिमाबाई पुन्हा कात्री धरून उभी राहिली होती. हजेरीवर सही करायला मीना बाईंच्या खोलीत शिरली आणि खुर्चीच्या शेजारी, खुर्चीला स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर, उभी राहिली.

"ती खुर्ची शोभेला आणलेली नाही."

मीना काठावर बसली.

"बोल."

मीना बोलली नाही. हुकमाने माणूस बसतो, उठतो, झाडतो, पाठांतर करतो. बोलत मात्र नाही, हे यशोदाबाईंना सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रथमच दिसत होते. त्यांच्या जिभेवर तीन प्रश्न तयार होते. परीक्षेत किती मिळतील? पुढच्या वर्षी पुन्हा असेच झाले तर काय करशील? आणि पुन्हा काही झाले तर या दारातून तू मागे फिरणार नाहीस ना? पहिला त्यांनी गिळला. दुसराही गिळला. तिसरा जरा मोठा होता. त्याला वेळ लागला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर जाऊ लागली, तेव्हा त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"बाळाचं नाव ठेवायचंय, बाई," मीना अखेर म्हणाली. ती हे सांगायला आलेली नव्हती, हे आंधळ्यालाही दिसले असते.

यशोदाबाई थांबल्या. सात वाजले, खाली वंदनेला मुली जमल्या, बाईंची वाट पाहून कुजबुजू लागल्या, आणि शेवटी सृष्टीने एकटीनेच, ताठ बसून, सुरुवात केली. वर खुर्चीच्या काठावरून मीना हळूहळू मागे सरकली आणि तिने पाठ टेकली.